आत्ता तर चालत होतं की

शनिवारी संध्याकाळी पावणेआठ वाजले होते, कॉम्प्युटर लॅबमध्ये मी आणि शिपाई मामा दोघंच, चाळीस नवीन मशीन टेबलांवर मांडून तयार, खोक्यांचा ढीग दारात, थर्माकोलचे दाणे चपलांना चिकटलेले, आणि सोमवारी सकाळी नऊला प्रॅक्टिकलची पहिली बॅच. मी एक नंबरच्या मशीनसमोर बसून पंधराव्यांदा तोच काळा स्क्रीन बघत होतो. पांढऱ्या अक्षरात शेवटची ओळ, "नेटवर्क सेटअप तपासा आणि परत प्रयत्न करा", आणि मिनिटभरात मशीन आपोआप रीस्टार्ट. मी केबल बदलली होती, पोर्ट बदललं होतं, सगळ्या केबली जिथं येतात तो नेटवर्कचा स्विच बंद-चालू केला होता. मामा मागं स्टुलावर बसून तंबाखू मळत होते, ते म्हणाले, "सर, आत्ता तर चालत हुतं की ओ. तो मेनू आला, तुमी बटण दाबलं, टक्के पळालं. नेट नसतं तर ते आलं कुठनं?"

मी जरा वैतागूनच म्हणालो, मामा, ते वेगळं असतं. आणि गप्प बसलो, कारण वेगळं म्हणजे नेमकं काय वेगळं हे त्या क्षणी मला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

मी सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळतो. नाव घेत नाही, काय करायचंय नाव. आमच्याकडं सगळी मशीन एका सर्व्हरवरून तयार होतात. एक मशीन नीट सजवायचं, विंडोज, कंपायलर, डेटाबेस, जे काय सिलॅबसमध्ये असेल ते, मग त्याची आख्खी डिस्क उचलून सर्व्हरवर ठेवायची आणि तिथून बाकीच्या मशीनवर ओतायची. याला इमेजिंग म्हणतात पण लॅबवाल्यांच्या जुन्या पिढीत कुणी इमेजिंग म्हणत नाही, सगळे म्हणतात "घोस्ट मारला". घोस्ट हे सॉफ्टवेअर १९९५ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मरे हॅझार्ड नावाच्या माणसानं केलं, १९९८ ला ते सिमँटेकनं घेतलं, आणि आपल्याकडं ते सीडीवरून सीडीवर फिरत गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासपर्यंत पोचलं. आम्ही आता वापरतो ते फॉग. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, चक सिपर्स्की आणि जियान झँग या दोघांनी २००७ च्या सुमारास सुरू केलं, आणि नाव फोडलं तर त्याचा अर्थच फुकटचा ओपन सोर्स घोस्ट असा होतो. म्हणजे भुताचं धुकं झालं. मला हा विनोद फार आवडतो पण स्टाफरूममध्ये सांगितला तर कुणी हसत नाही.

तर फॉगची गंमत अशी की मशीनला पेनड्राइव्ह लावायला लागत नाही. मशीन चालू करायचं, ते नेटवर्कवरूनच उठतं, सर्व्हरला विचारतं मी कोण, माझ्यासाठी काही काम आहे का, काम असेल तर डिस्क भरून घेतं. चाळीस मशीन, एक माणूस, एक चहा. चाललं तर. आणि चाललं नाही तर असा शनिवार.

हे सगळं नीट सांगायचं तर रेशन ऑफिसचं उदाहरण द्यावं लागेल. रेशनकार्डावर नाव चढवायला गेलेला माणूस पहिल्या टेबलावर आधारची झेरॉक्स देतो, तिथला क्लार्क शिक्का मारतो आणि म्हणतो दोन नंबरला जा. दोन नंबरचा परत म्हणतो आधारची झेरॉक्स. अहो आत्ताच तिकडं दिली की. ते मला माहीत नाही, मला एक द्या. तीन नंबरला परत तेच. एकच ऑफिस, एकच छत, पण एका टेबलाला दुसऱ्याचं काही माहीत नसतं. नेटवर्कवरून उठणारं मशीन अगदी असंच तीन टेबलं फिरतं.

पहिलं टेबल म्हणजे मशीनचं स्वतःचं फर्मवेअर, ज्याला आपण सरसकट बायोस म्हणतो. त्याच्यात पीएक्सई नावाची सोय असते, इंटेलनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणलेली, तिचा २.१ चा स्पेक सप्टेंबर १९९९ चा आहे आणि आज २.५ गिगाबिटचं नेटवर्क कार्ड असलेलं मशीनसुद्धा उठताना त्याच वळणानं जातं. ते ओरडतं, कुणी आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देता का. डीएचसीपी सर्व्हर आयपी देतो, वर सांगतो की अमुक सर्व्हरकडून अमुक फाइल घे. ती फाइल येते टीएफटीपीनं, जो प्रकार इतका साधा आहे की पाचशेबारा बाइट द्यायचे, पोचल्याची पावती येईपर्यंत थांबायचं, मग पुढचे पाचशेबारा. पोतंभर ज्वारी मुठीमुठीनं मोजून दिल्यासारखं. पण फाइल छोटी असते म्हणून चालून जातं.

ती फाइल म्हणजे दुसरं टेबल, आयपीएक्सई. हा हुशार गडी. हा परत आयपी मागतो, पहिल्यापासून, जणू आधी काही झालंच नाही, मग सर्व्हरशी साध्या वेबपेजसारखं एचटीटीपीनं बोलतो, तो फॉगचा निळा मेनू दाखवतो, आणि आपण काही निवडलं की दोन फाइली खाली ओढतो. एक लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, फाइलीचं नाव बीझेडइमेज, आणि दुसरी इनिट, म्हणजे त्या कर्नलच्या हातात द्यायची शिदोरीची पिशवी, सगळी हत्यारं असलेली. जाता जाता, बीझेड म्हणजे बीझिप नव्हे, ते बिग झेडइमेज आहे, मी स्वतः पाच वर्षं चुकीचं सांगत होतो पोरांना.

आणि तिसरं टेबल तो कर्नल. तो उठतो आणि परत, शून्यापासून, म्हणतो मला आयपी द्या. आमच्या डीएचसीपीचा लॉग बघितला तर एकाच मशीनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा नंबर, एका बूटमध्ये तीन वेळा दिसतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं होतं मशीन बिघडलंय.

आता एवढी टेबलं म्हटल्यावर गाडं कुठंही अडतं. आणि अडलं की स्क्रीनवरचं वाक्य साधारण सारखंच असतं, आयपी मिळाला नाही, फाइल मिळाली नाही, नेटवर्क बघा. त्यामुळं या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलोय, ती म्हणजे वाक्य काय आहे ते नंतर, आधी बोलतंय कोण ते ओळखायचं. पीएक्सई-ई आणि दोन आकडे असा कोड असेल तर फर्मवेअर बोलतंय. ओळीच्या शेवटी आयपीएक्सईच्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर दुसरा गडी बोलतोय, आणि हे त्याचं फार कौतुकाचं आहे, प्रत्येक एररला स्वतःचं पान असतं तिथं. आणि धडाधड ओळी वर सरकत असतील तर कर्नल. हे मला पाठ आहे, पोरांना शिकवतो, आणि तरी त्या शनिवारी विसरलो.

विसरलो त्याचं कारण जुन्या जखमा. आमच्या लॅबमध्ये याआधी जे जे झालं होतं ते सगळं खरोखर नेटवर्कचंच होतं. एकदा अर्धी मशीन उठायची आणि अर्धी नाही, आणि कुठली अर्धी ते रोज बदलायचं. ई५३ यायचा, म्हणजे आयपी मिळाला पण फाइलचं नाव मिळालं नाही. तीन दिवस सर्व्हरची कॉन्फिग फाइल उलटीपालटी केली, मग शेवटी सर्व्हरवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम, लावून डीएचसीपीची ६७ आणि ६८ नंबरची पोर्टं ऐकत बसलो तर एका हाकेला दोन उत्तरं येत होती. एक आमच्या सर्व्हरचं आणि दुसरं एका अनोळखी पत्त्यावरून, १९२.१६८.० वालं. कुणीतरी स्टाफरूममध्ये मोबाइलला वायफाय मिळावं म्हणून घरचा राउटर आणून आमची केबल त्याच्या लॅन पोर्टात खुपसली होती. आता जो आधी उत्तर देईल त्याचं मशीन ऐकणार, आणि त्या बिचाऱ्या राउटरला बूट फाइल म्हणजे काय हेच माहीत नाही. ज्यांनी लावला होता ते म्हणाले, पण माझं नेट तर मस्त चालतंय.

दुसरी जखम स्विचची, आणि ती खरी शहाणं करणारी. नवीन मॅनेज्ड स्विच आले, लाइट लुकलुकतायत, सगळं झकास, आणि इमेजिंग बंद. फर्मवेअरला आयपी मिळायचा, फाइल यायची, आणि आयपीएक्सई आला की तो म्हणायचा आयपी नाही. तेव्हाही हाच प्रश्न होता, आत्ता तर चालत होतं की. उत्तर असं निघालं की स्विच स्पॅनिंग ट्री नावाची काळजी घेत होता. कुणी केबलचा गोल फास तर बनवला नाही ना हे बघायला तो पोर्ट वर आल्यावर पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, आणि मग, एकूण तीस सेकंदांनी, पोर्ट खुलं करतो. फर्मवेअरची पीएक्सई जुन्या काळची सोशिक बाई, ती चार सेकंद, आठ, सोळा, बत्तीस असं करत मिनिटभर वाट बघते, त्यामुळं तिला आयपी मिळून जायचा. पण टेबल बदललं की नवा माणूस कार्ड एकदा बंद करून चालू करतो, लिंक पडते, उठते, स्विच परत तीस सेकंद मोजायला बसतो, आणि आयपीएक्सई काही इतका थांबत नाही.

यावरचा रामबाण उपाय पोर्टफास्ट, म्हणजे स्विचचं हे थांबणं टाळणारी सेटिंग, चालू करणं हा आहे, पण रोगाचं निदान करायला माझ्या ड्रॉवरमध्ये पाच पोर्टांचा बिनडोक स्विच असतो, प्लॅस्टिकचा, कोपरा तुटलेला. तो मशीन आणि मोठ्या स्विचच्या मध्ये लावायचा. मशीननं कितीही वेळा कार्ड बंद-चालू केलं तरी मोठ्या स्विचला दिसते ती या छोट्याची लिंक, आणि ती काही पडत नाही. लावल्यावर चाललं तर समजायचं स्पॅनिंग ट्री. लॅबमधल्या सगळ्या महागड्या वस्तूंपेक्षा माझा या डबड्यावर जास्त जीव आहे.

तिसरी जखम बायोस आणि त्याचा नवा अवतार युईएफआय यांची, ती थोडक्यात सांगतो. जुन्या मशीनला अनडीआयओन्ली नावाची फाइल लागते आणि नव्यांना ईएफआयवाली, एकाची दुसऱ्याला चालत नाही, आणि डीएचसीपीला आधी ओळखावं लागतं की हाक मारणारा कुठल्या जातीचा आहे. ते मशीन स्वतः सांगतं, ९३ नंबरच्या ऑप्शनमध्ये, शून्य म्हणजे जुना बायोस, सात म्हणजे ६४ बिट युईएफआय. सर्व्हरवर तसा नियम लिहिला की झालं. मी लिहिला नव्हता, एकच फाइल ठोकून दिली होती, एक उन्हाळा त्यात गेला.

तर अशा सगळ्या जखमा अंगावर घेऊन मी त्या शनिवारी बसलो होतो. एक नंबरच्या मशीनचं सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलीच फाइल चालू देणारी सोय, बंद केलं होतं, कारण फॉगच्या फाइलींवर त्याला हवी ती सही नसते. मेनू आला. रजिस्ट्रेशन निवडलं. बीझेडइमेज, टक्के पळाले, ओके. इनिट, ओके. स्क्रीन क्षणभर काळा. धडाधड ओळी. आणि मग नेटवर्क तपासा. मी लगेच तो पाच पोर्टांचा स्विच काढला, मध्ये लावला. फरक नाही. राउटर शोधत वरच्या मजल्यापर्यंत गेलो, कुलूप होतं. टीसीपीडंप लावला तर दोनदाच हाक येत होती, तिसरी हाक येतच नव्हती. इथं खरं तर माझी ट्यूब पेटायला हवी होती. हाक मारली आणि उत्तर मिळालं नाही हे एक, आणि हाकच मारली नाही हे वेगळं. पण मी असा विचार केला की पॅकेट मध्येच कुठंतरी मरत असणार, आणि परत केबल बदलली.

एचओडी मॅडमचा फोन आला. "झालं का हो?" होतंय मॅडम. "सोमवारी पहिली बॅच नऊला आहे, एक्स्टर्नल लांबून येणार आहेत." हो मॅडम.

मग मी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून पुण्यातल्या एका मित्राला पाठवला, तो पण हाच उद्योग करतो, एका हॉस्पिटलमध्ये. खाली लिहिलं, आयपी मिळत नाहीये कर्नलला, काय करू. दोन मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, "वरची ओळ वाच ना राजा."

मी फोटो मोठा करून बघितला. नेटवर्क सेटअप तपासा या ओळीच्या बरोबर वर, चक्क लिहिलं होतं की नेटवर्कचा एकही इंटरफेस, म्हणजे कार्ड, सापडला नाही, तुमच्या कर्नलमध्ये बहुतेक योग्य ड्रायव्हरच, म्हणजे ते कार्ड चालवायचा प्रोग्रॅमच, नाहीये. इतकं सरळ. शाळेतल्या पोराला कळेल असं. तीन तास ती ओळ दर दोन मिनिटांनी माझ्यासमोर येऊन जात होती आणि मी फक्त शेवटची वाचत होतो, कारण शेवटची माझ्या ओळखीची होती.

मामांना म्हणालो, मामा, तुमचं बरोबर होतं, नेट चालत होतं. ते म्हणाले, "मग?"

मग काय ते मी त्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच नीट समजलं. आमची आयपीएक्सईची फाइल होती एसएनपीओन्ली नावाची. तिच्यात कुठल्याच कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर नसतो, ती मशीनच्या फर्मवेअरचाच ड्रायव्हर उसना घेते. फर्मवेअर त्याच मशीनबरोबर आलेलं, त्याला आपलं कार्ड माहीत असणारच, त्यामुळं मशीन कितीही नवीन असू दे, मेनू येतो, कर्नल येतो, इनिट येते. पण एकदा कर्नल उठला की तो फर्मवेअरला सांगतो, आता तुम्ही घरी जा, इथून पुढं मी बघतो. फर्मवेअर आपला ड्रायव्हर घेऊन निघून जातं. आणि कर्नल बघतो तर समोर कार्ड आहे पण ते चालवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. ज्या कार्डावरून तो स्वतः दोन सेकंदांपूर्वी घरात आला ते कार्ड त्याला दिसत नाही. मामांना मी म्हणालो, भाड्याच्या गाडीनं ड्रायव्हरसकट आलो, दारात ड्रायव्हरला पैसे देऊन पाठवलं, आणि आता गाडी आहे पण मला चालवता येत नाही. मामा म्हणाले, "हां. मग तसं म्हना की."

आता कार्ड कुठलं ते बघायचं होतं. उबुंटू लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मशीन लाइव्ह चालू केलं, तिथं नेट लगेच लागलं, म्हणजे कार्ड, केबल, स्विच सगळे निर्दोष सुटले. एलएसपीसीआय या कमांडनं नाव सांगितलं, रियलटेकची चिप, आरटीएल ८१२५, २.५ गिगाबिटवाली. ड्रायव्हरचं नाव मात्र आर८१६९. हे पण एक मजेशीर प्रकरण आहे, ८१६९ नावाची चिप केव्हाच म्हातारी झाली पण ड्रायव्हरला तेच नाव चिकटलं आणि खानदानातल्या सगळ्या पोराबाळांना तोच सांभाळतो. या ड्रायव्हरमध्ये ८१२५ ची ओळख घातली गेली लिनक्स ५.४ मध्ये, नोव्हेंबर २०१९ ला. आणि आमच्या फॉग सर्व्हरवरचा कर्नल होता ४.१९ च्या पिढीतला, जी पिढी ऑक्टोबर २०१८ ची. म्हणजे कर्नलचा काही दोष नाही. त्याच्या जन्माच्या वेळी हे कार्ड त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. दोष कुणाचा असेल तर माझा, "चालतंय ना, मग हात लावू नको" असं म्हणून वर्षानुवर्षं तो सर्व्हर मी देव्हाऱ्यातल्या देवासारखा ठेवला होता, फक्त धूळ पुसायची.

बरं, नेहमीच्या लिनक्समध्ये ड्रायव्हर वेगळा आणून घालता येतो, पण फॉगच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर आतच भाजून आलेले असतात, नानकटाईतल्या वेलदोड्यासारखे. वरून घालता येत नाही, नवीनच आणायला लागते. त्यासाठी फॉगच्या वेबपेजवर कर्नल अपडेट नावाची सोय आहे, यादी येते, निवडायचं, डाउनलोड. फक्त आमच्या सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट नाही. मी स्वतःच बंद केलंय, सुरक्षेसाठी, आणि कॉलेजच्या फायरवॉलचा पासवर्ड ज्यांच्याकडं ते लग्नाला गेलेले. मग रविवारी सकाळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉपवर नवीन कर्नल उतरवला, दहाएक एमबीची फाइल, एवढ्याशा फाइलीसाठी शनिवार गेला, आणि पेनड्राइव्हनं सर्व्हरवर नेली.

इथं एक शहाणपण केलं, ते मुद्दाम सांगतो. जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवली नाही. नवी वेगळ्या नावानं ठेवली, बीझेडइमेज डॅश नवा. कारण त्या एका बीझेडइमेजवर शेजारच्या दोन लॅबची जुनी मशीन पण उठतात, आणि नवीन कर्नल जुन्या मशीनला मानवेलच असं काही लिहून दिलेलं नसतं. फॉगमध्ये प्रत्येक मशीनच्या नोंदीत कर्नलसाठी वेगळा रकाना असतो, तिथं नाव लिहिलं की फक्त त्या मशीनला तो कर्नल मिळतो. एक नंबरच्या मशीनची नोंद हातानं केली, मॅक ॲड्रेस डब्यावरच्या स्टिकरवरून वाचून. आठ की बी हे कळेना म्हणून मामांना विचारलं, त्यांनी चष्मा वर करून सांगितलं, बी.

मशीन चालू केलं. आयपीएक्सई म्हणाला परवानगी नाही.

दोन सेकंद पोटात गोळा आला. मग बघितलं, बोलतंय कोण, आयपीएक्सई बोलतोय, कर्नल नव्हे, म्हणजे गाडी अजून दुसऱ्याच टेबलावर आहे. फाइल मी रूट, म्हणजे सर्व्हरचा मालक, म्हणून कॉपी केली होती, वेब सर्व्हरला ती वाचायची परवानगीच नव्हती. एक कमांड, परत चालू. टक्के पळाले. काळा स्क्रीन. ओळी. आणि त्या ओळींमध्ये, भर्रकन वर जाताना, इंटरफेस वर आला, लिंक लागली, आयपी मिळाला. मी मामांकडं बघितलं, ते खिडकीतून बाहेर बघत होते, पावसाची चिन्हं होती आणि त्यांची सायकल उघड्यावर.

मग दुसरी अडचण, हार्ड डिस्क सापडली नाही. पण ही ओळखीची होती, पाच मिनिटांत सुटली. मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क रेड (RAID), म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायच्या, मोडमध्ये लावून आलेली होती, त्या मोडमध्ये नव्या जातीची एनव्हीएमई डिस्क लिनक्सला दिसत नाही, ते साधं एएचसीआय केलं की दिसते. कर्नल बदलून याला काही होत नाही, हे मशीनमध्ये जाऊनच करावं लागतं. आणि मशीन चाळीस. सिक्युअर बूट पण प्रत्येकाचं बंद करायचं होतंच. मी कपाळाला हात लावला, तर मामा म्हणाले दाखवा कसं करायचं. एकदा दाखवलं. एफ२ दाबून धरायचं, उजवीकडं दोनदा, खाली तीनदा, एंटर, वर, एंटर, मग दुसऱ्या पानावर एवढं एक, शेवटी एफ१०. त्यांनी ते पाढ्यासारखं म्हणून पाठ केलं, उजवी दोन, खाली तीन, आणि ओळीनं सुरू झाले. मला तिसऱ्या मशीनला एकदा चूक होऊन परत जावं लागलं. त्यांना एकदाही नाही.

तोवर मी सगळ्या चाळीसांच्या नोंदी केल्या, गट करून त्या गटालाच नवा कर्नल लावला, एक एक भरत बसलो नाही. आमची इमेज दाबून वीसएक जीबीची. मल्टिकास्टनं सगळ्यांना एकदम पाठवता आली असती, पण आमच्या स्विचवर मल्टिकास्ट म्हणजे अजून एक शनिवार, आणि तेवढा माझ्याकडं नव्हता. साधं एकेकाला पाठवायचं तर फॉग एका वेळी दहाच मशीन घेतो, बाकीची रांगेत थांबतात. हा आकडा वाढवता येतो, पण सर्व्हरला एकच गिगाबिटची केबल असेल तर वाढवून उपयोग काय, तेवढंच पाणी जास्त घागरीत. दहाच ठेवले. चाळीस मशीन म्हणजे चार घाणे, भज्यांसारखे, एका घाण्याला अर्धा-पाऊण तास.

डिस्क भरणाऱ्या पार्टक्लोन या प्रोग्रॅमचा निळा स्क्रीन, त्यात टक्क्यांची पट्टी, दहा मशीनवर एकाच वेळी, पण थोडीशी मागं-पुढं. लॅबमधले लाइट मी बंद केले होते, त्या निळ्या उजेडात मामा पहिल्या ओळीतून फिरत होते. बाहेर पाऊस सुरू झाला होता, सायकल त्यांनी जिन्याखाली आणून लावली होती. लाइट गेली असती तर यूपीएसनं पंधरा मिनिटं ओढलं असतं, पण गेली नाही, हे पण लिहून ठेवायला हवं.

तिसऱ्या घाण्यात तेवीस नंबर आलाच नाही. रांगेत नाव दिसत होतं पण मशीन मेनूपर्यंतच येईना, पीएक्सई-ई काहीतरी. मी उठायच्या आधी मामा म्हणाले, "हे पयलं टेबल ना सर?" हो. "मग वायरच असंल." टेबलाखाली वाकून त्यांनी केबल काढली, तिच्या टोकाचा चिमटा तुटला होता, खुर्ची सरकली की निसटायची. कागदाची घडी करून त्यांनी ती दाबून बसवली. तेवीस नंबर उठला.

रात्री साडेनऊला शेवटचा घाणा निघाला. माझ्याकडं लॅबचं एक दोनशे पानी रजिस्टर आहे, त्यात मी झालेल्या भानगडी लिहून ठेवतो, पुढच्या माणसासाठी, म्हणजे बहुतेक माझ्याचसाठी. त्या दिवशीची नोंद अशी आहे: नवीन चाळीस मशीन, चिप ८१२५, जुना कर्नल चालत नाही, बीझेडइमेज डॅश नवा लावणे. जुना पुसू नये, लॅब दोन आणि तीन त्यावर आहेत. रेड मोड काढणे, सिक्युअर बूट बंद. स्क्रीन दिसल्यावर वरची ओळ आधी वाचणे. तेवीस नंबरची केबल बदलणे. यातली शेवटची गोष्ट अजून राहिलीये, कागदाची घडी अजून तिथंच आहे.